कोशिंबिरीपासून कुंडलीपर्यंत...

काकडीची कोशिंबीर करताना आई एक गोष्ट हमखास बजावते. मीठ शेवटी घाल, नाहीतर पाणी सुटेल! आपण मान डोलावतो, फोनवर बोलता बोलता मीठ आधीच टाकतो आणि पाच मिनिटांनी बाउलच्या तळाशी तळं साचलेलं असतं. काकडी मऊ, दाण्याचं कूट ओलं आणि आईचा चेहरा ‘सांगितलं होतं ना’ टाईप.

हे पाणी आलं कुठून? काकडीच्या आतून. मीठ बाहेर पडलं म्हणून पाणी त्याच्या मागे धावलं. शाळेत याला ‘परासरण’ म्हणायचे, कॉलेजात ‘ऑस्मॉसिस’. दोन्हीकडे पाच मार्कांची व्याख्या पाठ केली आणि सोडून दिली. पण बॉस, ही साधी गोष्ट तुमच्या लग्नाशीही जोडलेली आहे, असं सांगितलं तर? नाही, मी कोशिंबिरीच्या बेतावरून लग्न मोडण्याबद्दल बोलत नाहीये. प्रकरण जरा सीरियस आहे. आधी थोडं सायन्स सहन करा, प्लीज.

साबणाच्या चुलत भावाची पिशवी

चॉकलेटच्या रॅपरवर बारीक अक्षरात ‘सोया लेसिथिन’ लिहिलेलं असतं. अंड्याच्या बलकातही तेच असतं. हा एक प्रकारचा मेद, म्हणजे लिपिड. त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे लाखो रेणू पाण्यात सोडले की ते आपापसात तोडगा काढतात. शेपट्या आत एकमेकींना चिकटून, डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याकडे. दोन थरांची भिंत तयार! पण भिंतीच्या कडेला शेपट्या उघड्या पडतात, ते त्यांना चालत नाही. म्हणून भिंत स्वतःभोवती वळते आणि बंद होते. झाली पिशवी. आत थोडं पाणी, बाहेर पाणी, मध्ये भिंत.

ही भिंत किती जाड? साधारण पाच नॅनोमीटर. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा पंधरा-सोळा हजार भिंती एकावर एक मावतील. (केस गळत असतील तर उरलेल्यांवर हिशोब करा!)

या पिशव्या पहिल्यांदा नीट ओळखल्या त्या इंग्लंडच्या अ‍ॅलेक बँगहॅम यांनी. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इथल्या संस्थेत १९६१ मध्ये नवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला होता. त्याखाली लेसिथिन ठेवून बघितलं तर कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक पिशव्या! मित्रमंडळी गमतीने त्यांना ‘बँगोसोम’ म्हणायची, पुढे ‘लायपोसोम’ हे नाव रुळलं. काही वर्षांतच बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिशव्यांवर कोशिंबिरीचाच प्रयोग केला. म्हणजे बाहेरचं मीठ-साखर कमी-जास्त करायची आणि पिशव्या फुगतात की आकसतात ते मोजायचं. झालं असं, की पाणी भिंतीतून आरामात आत-बाहेर गेलं, मीठ मात्र अडकून पडलं.

सगळी गंमत इथेच आहे. पाण्याला पास आहे, मिठाला नाही. त्यामुळे ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, त्या बाजूला पाणी जातं. बाहेर जास्त असेल तर पिशवी रिकामी होत चुरगळते. आत जास्त असेल तर फुगते.

टायर, टॉवर आणि रक्त

पाण्याची ही ओढ किती जबरदस्त असते याचा अंदाज आहे? आपल्या रक्तात विरघळलेले क्षार वगैरे सगळं धरून हिशोब केला, तर हा दाब साडेसात वातावरणांच्या आसपास येतो. म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेसात पट. तुमच्या कारच्या टायरमध्ये पेट्रोल पंपावर भरतात ती हवा दोन-सव्वादोन वातावरणांच्या आसपास. दुसरं उदाहरण हवंय? पंचवीस मजली टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीतून सरळ तळमजल्यावर आणलेल्या पाइपात जितका दाब असेल, साधारण तेवढा!

आता विचार करा. पाच नॅनोमीटरची भिंत, आतमध्ये रक्तासारखं खारट पाणी, आणि ती पिशवी आपण साध्या पाण्यात टाकली. काय होईल?

धाड! हे आपलं पहिलं उत्तर. आणि ते अर्धंच बरोबर आहे.

फुगते, फाटते, पुन्हा जुळते

रबरी फुगा कितीतरी पट ताणला जातो. लिपिडची भिंत इतकी सोशिक नाही. तिचं क्षेत्रफळ जेमतेम चार-पाच टक्के वाढलं की ती फाटते. पण ती फुग्यासारखी चिंध्या होऊन उडत नाही. एक भोक पडतं, आतलं थोडं खारट पाणी बाहेर येतं, ताण उतरतो. ताण उतरल्याबरोबर भोकाच्या कडा पुन्हा जवळ येतात आणि पिशवी बंद. उघड्या शेपट्यांना पाणी सहन होत नाही, आठवतंय ना?

आत अजूनही बाहेरपेक्षा मीठ जास्तच असतं. मग पुन्हा पाणी आत, पुन्हा फुगणं, पुन्हा भोक, पुन्हा जुळणं. दर वेळी आतलं मीठ थोडं कमी. हे चक्र दोन्ही बाजूंचा फरक अगदी थोडा उरेपर्यंत चालू राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवरच्या अतुल पारिख यांनी सिंगापूरच्या सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये ही चक्रं मायक्रोस्कोपखाली टिपली. फुगताना भिंतीवर वेगळ्या लिपिडचे ठिपके उमटायचे, फाटून सैल झाली की विरून जायचे. जीव नसलेली, मेंदू नसलेली पिशवी, पण बाहेरची परिस्थिती बदलली की तिचा पोत बदलत होता. अप्रेझलच्या महिन्यातल्या आपल्यासारखंच की!

औषधाची पिशवी

‘छान आहे, पण याचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या एमबीए वाचकांसाठी हा भाग.

मे २०२१ आठवतोय? कोविडची दुसरी लाट, आणि तिच्या मागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे पेपरांतली ‘काळी बुरशी’. डायबिटीस असलेले, स्टेरॉइड्स घेतलेले रुग्ण, नाक-डोळ्यांपासून मेंदूपर्यंत पोचणारा संसर्ग. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वांत जास्त झळ बसलेल्या राज्यांपैकी. पुण्यात नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते, त्याचं नाव होतं ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन बी’. त्यातलं ‘लायपोसोमल’ म्हणजे हीच पिशवी.

अँफोटेरिसिन हे १९५० च्या दशकातलं औषध. ते बुरशीच्या पेशीच्या भिंतीतल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि भिंत गळकी करतं. म्हणजे पुन्हा तोच खेळ, आतले क्षार बाहेर आणि पेशीचा तोल गेला. पण आपल्या पेशींच्या भिंतीत एर्गोस्टेरॉलचा जवळचा नातेवाईक कोलेस्टेरॉल असतो, त्यालाही हे औषध थोडंफार चिकटतं. त्यामुळे नुसतं औषध दिलं तर किडनीला मार बसतो. ते लिपिडच्या भिंतीत बसवून दिलं तर किडनीला होणारा त्रास बराच कमी होतो आणि डोस वाढवता येतो.

हे काम आपल्याकडेही झालेलं आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या टीमने १९९० च्या दशकात लायपोसोमल अँफोटेरिसिन पेशंटपर्यंत नेण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. २०२१ च्या तुटवड्यात केंद्र सरकारने मे महिन्यात आणखी पाच कंपन्यांना हे औषध बनवायचा परवाना दिला, त्यात पुण्याची एमक्युअर होती. तुटवडा इतका का झाला? ६० किलोच्या पेशंटला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. रोज, आणि तेही कित्येक आठवडे. एकेका कुपीची किंमत काही हजार रुपये. शिवाय पिशव्या एकसारख्या, शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या बनवणं म्हणजे गोळ्या पाडण्याइतकं सोपं काम नाही.

कॅन्सरच्या औषधात तर ऑस्मॉसिसची आणखी भारी ट्रिक आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालेल्या ‘डॉक्सिल’च्या पिशवीत औषध ठासून भरलेलं असतं. इतकं औषध आत विरघळून राहिलं असतं तर पाणी आत घुसून पिशवी फाटली असती. पण जेरुसलेमच्या येहेझकेल बारेनहोल्ट्झ आणि मंडळींनी आत असा क्षार ठेवला, की औषध आत शिरल्यावर त्याचे बारीक स्फटिक होतात. ऑस्मॉसिसच्या हिशोबात विरघळलेल्या कणांचीच मोजदाद होते, स्फटिकाची जवळजवळ नाही. म्हणजे सामान ठेचून भरलं, पण वजनकाट्यावर बॅग हलकी! एअरपोर्टवर कधीतरी आपल्यालाही जमायला हवं.

आणि ते फेस सीरम?

१९८६ मध्ये डिओरने ‘कॅप्चर’ नावाचं लायपोसोमवालं क्रीम आणलं आणि तेव्हापासून हा शब्द ब्युटी काउंटरवर मुक्कामाला आहे. आता तर ‘लायपोसोमल’ व्हिटॅमिन सीच्या पुड्यासुद्धा मिळतात. खोटं आहे का सगळं? तसं नाही. पण वर वाचलेलं आठवा. पिशवी बाहेरच्या मीठ-साखरेला घाबरते, फेसवॉशमधल्या डिटर्जंटपुढे टिकत नाही, आणि पोटात गेली तर पित्तातले क्षार तिला विरघळवू शकतात. तेव्हा बाटलीवर नुसतं ‘लायपोसोमल’ असणं पुरेसं नाही. पिशव्यांचा आकार किती, कुठल्या तापमानाला ठेवायचं, एक्स्पायरीपर्यंत पिशव्या शाबूत राहतात हे तपासलंय का, हे लिहिलेलं असेल तर पाकीट उघडा. नसेल तर त्या पैशांत मैत्रिणीला कॉफी पाजा.

आता तुमच्या रक्ताकडे

लेसिथिनच्या पिशव्या झाल्या. पण तुमच्या अंगात अशाच पिशव्या अब्जावधींच्या संख्येने फिरताहेत. तांबड्या रक्तपेशी! त्यांना केंद्रक नाही, आत मुख्यतः हिमोग्लोबिन आणि भोवती तीच लिपिडची भिंत (खालून प्रोटीनच्या जाळीचा आधार). ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा डॉक्टर’ म्हणून आपण जे सलाईन लावून घेतो, ते ०.९ टक्के मिठाचं असतं ते याच पेशींसाठी. पेशीच्या आत जेवढी ओढ, तेवढीच बाहेर. त्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी शिरेत गेलं तर पेशी फुगून फुटतील. ‘शुद्ध’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे, हा त्यातला धडा.

तांबडी पेशी हुशार आहे. ती गोल चेंडूसारखी नसते, मधोमध दाबलेल्या मेदूवड्यासारखी असते. (आरपार भोक नाही, फक्त खळगा.) म्हणजे कापड जास्त आणि आतलं सामान कमी. त्यामुळे ती फुगून आधी चेंडूसारखी गोल होते, आणि मगच ताण सुरू होतो. पिशवी जितकी अर्धवट भरलेली, तितकी फुटायला वेळ.

हे वाक्य लक्षात ठेवा. इथेच कुंडली येते.

टेस्ट ट्यूबमागची रेघ

थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आला तर ‘थॅलेसेमिया मेजर’ होतो. अशा बाळाला वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. त्यातून शरीरात साठणारं लोह काढायला वेगळी औषधं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा उपाय आहे, पण खर्चिक आणि जुळणारा दाता मिळाला तर. भारतात दरवर्षी अशी दहा हजारांहून जास्त मुलं जन्माला येतात असा अंदाज आहे.

पण एकाच पालकाकडून जीन आला तर? तुम्ही ‘कॅरियर’, म्हणजे वाहक. आजारी नाही. ऑफिस, जिम, सिंहगड ट्रेक, सगळं मजेत. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि वर्षानुवर्षं उगाच खाल्लेल्या आयर्नच्या गोळ्या. भारतात सरासरी तीन ते चार टक्के लोक वाहक आहेत. तुमच्या शंभर माणसांच्या फ्लोअरवर तीन-चार जण! काही समाजांत, उदाहरणार्थ सिंधी, लोहाणा, पंजाबी, कच्छी भानुशाली यांच्यात प्रमाण आणखी जास्त आहे. फाळणीनंतर वसलेल्या पिंपरी आणि उल्हासनगरच्या वस्त्यांत याविषयी जागरूकता म्हणूनच जास्त गरजेची. पण ‘आमच्यात नसतं हो असलं काही’ हे वाक्य कुणीच म्हणू नये. जीनला आडनाव वाचता येत नाही.

वाहकाच्या तांबड्या पेशी लहान आणि पातळ असतात. हिमोग्लोबिन कमी भरलेलं, म्हणजे अर्धवट भरलेली पिशवी. आणि अर्धवट भरलेली पिशवी फुटायला वेळ लागतो! या एका गोष्टीवर एक अफलातून स्वस्त चाचणी उभी आहे. नाव ‘नेस्ट्रॉफ्ट’. छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये ०.३६ टक्क्यांचं मिठाचं पाणी, म्हणजे सलाईनपेक्षा निम्म्याहून कमी मीठ. त्यात रक्ताचा एक थेंब. अर्धा तास थांबायचं. मग ट्यूबच्या मागे काळी रेघ काढलेला पांढरा कागद धरायचा.

नेहमीच्या पेशी या पाण्यात फुगून फुटतात, द्रावण लालसर पण स्वच्छ होतं आणि रेघ दिसते. वाहकाच्या पेशी टिकून राहतात, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. मशीन नाही, वीज नाही, नुसत्या डोळ्यांनी! म्हणूनच गावोगावच्या शिबिरांत ती वापरली जाते, आणि केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही तिला जागा आहे.

अर्थात ही चाळणी आहे, निकाल नाही. शरीरात लोह कमी असेल तरीही पेशी लहान होतात आणि रेघ दिसत नाही. आपल्याकडच्या मुलींमध्ये लोहाची कमतरता किती कॉमन आहे ते वेगळं सांगायला नको. काही वाहक या चाचणीतून निसटतातही. म्हणून पुढे ‘एचपीएलसी’ नावाच्या चाचणीत हिमोग्लोबिन ए-टू मोजतात. ते साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा वाहक. शहरातल्या बऱ्याच लॅब्जमध्ये ही चाचणी होते. अवघड केसेससाठी मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे.

छत्तीस गुण आणि एक थेंब

आता मुद्द्याचं. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलांना मेजर होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. प्रत्येक वेळी, हं! पहिलं बाळ ठणठणीत झालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. साडेतीन टक्क्यांच्या हिशोबाने साधारण आठशे जोडप्यांत एक जोडपं असं निघेल. आकडा लहान वाटतो, पण लग्नाच्या सीझनमध्ये पुण्यातले हॉल किती बुक असतात ते आठवा.

सायप्रस या छोट्या देशात वाहकांचं प्रमाण प्रचंड होतं. तिथे १९८३ पासून चर्चने लग्नाआधी तपासणीचं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली. लग्नाला परवानगी नाकारायची नव्हती, फक्त माहीत असायला हवं होतं. बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. पण थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मणाऱ्या बाळांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. कारण दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

आपल्याकडे काय? पत्रिका जुळवतो, पॅकेज जुळवतो, फ्लॅटचा कार्पेट एरिया जुळवतो. मुलाची आई मुलीला ‘स्वयंपाक येतो का?’ विचारते आणि मुलगी मुलाला ‘ऑनसाइट जाणार का?’ रक्ताचं नाव काढलं की मात्र ‘म्हणजे आमच्या मुलीत खोट आहे म्हणायचंय का तुम्हाला?’ खोट नाही हो काकू. वाहक असणं ही खोट नाही, माहिती आहे. आणि ती मुलीचीच तपासायची असं कुठे लिहिलंय? एकाची तपासणी नॉर्मल आली की या प्रश्नापुरतं काम झालं, मग पहिला नंबर मुलाचा का नको?

यात एक सोपी पायरी आहे. कंपनीच्या अ‍ॅन्युअल हेल्थ चेकअपचा सीबीसी रिपोर्ट मेलबॉक्समध्ये पडलेला असेल, तो उघडा. ‘एमसीव्ही’ ८० च्या खाली आणि ‘एमसीएच’ २७ च्या खाली असेल, आणि तांबड्या पेशींची संख्या भरपूर असेल, तर डॉक्टरांना ‘थॅलेसेमियासाठी एचपीएलसी करू का?’ एवढंच विचारा. लोह कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागेल, अलीकडे रक्त चढवलं असेल तर काही महिने थांबावं लागेल, हे तेच सांगतील. शक्यतो साखरपुड्याच्या आधी. ते राहिलं तर लग्नाआधी. तेही राहिलं तर बाळाचा विचार करण्याआधी. गुड न्यूज आलीच असेल तर पहिल्याच व्हिजिटला.

आणि बोलायचं कसं, हा प्रश्न असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, गुडलक किंवा वैशालीत बसल्यावर, समोरच्याला सरळ सांगा, ‘मी टेस्ट करून घेतली, तूही करशील?’ ‘मी घेतली’ हे आधी आलं की अर्धी लढाई जिंकली. समोरची व्यक्ती त्यावर कशी रिअ‍ॅक्ट होते, त्यावरून तिच्याबद्दल पत्रिकेपेक्षा जास्त कळेल, हा बोनस!